अख्खी दिल्ली मला शोधत होती

करोल बागेत उशांचे अभ्रे घेत होतो, तेव्हा एका अनोळखी बाईनं माझं मनगट गच्च धरलं. हिनं मला पाकीटमार समजलं असणार, म्हणून मी घाईघाईनं दुसरा हातही वर केला. बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मोबाइलकडे, मग पुन्हा तोंडाकडे, आणि भर बाजारात ओरडली, "अंकल मिल गए!"

चारी बाजूंनी माणसं जमली. कुणी पाण्याची बाटली उघडून दिली, कुणी स्टूल पुढे केलं. अभ्रेवाला मघापर्यंत भावात तसूभर हलत नव्हता, त्यानं माझ्यासाठी थंडा मागवला.

"घर का पता याद है, अंकल?"

"अहो, मी हरवलेलो नाही!" घाबरलो की माझ्या तोंडून मराठी येतं. पंचवीस-तीस वर्षं दिल्लीत काढूनही ही खोड गेलेली नाही.

"मराठी बोल रहे हैं," बाई विजयानं म्हणाली. "इसमें लिखा है, मराठी बोलते हैं."

"चलके दिखाइए," गर्दीतला एक म्हणाला. मी चाललो. "ये तो लंगड़ा नहीं रहे." तो हिरमुसला.

"आराम मिला है, ठीक हो गए होंगे," बाई म्हणाली आणि तिनं माझ्यासोबत एक फोटोही काढून घेतला.

मोबाइलवर काय होतं ते तोवर मी पाहिलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'लापता'. खाली माझ्या मित्राचं नाव, त्याचं वय, 'उजव्या पायाने किंचित लंगडतात, मराठी व हिंदी बोलतात, स्वभाव हट्टी'. आणि मधोमध, निळं जॅकेट घालून, पोट आत घेऊन हसणारा मी.

ही पोस्ट कोणत्या गाढवानं टाकली, असं विचारायची सोय नव्हती. आदल्या दिवशी मीच टाकली होती.

आता हे कसं घडलं ते सांगतो.

माझा हा मित्र आणि मी एकाच सरकारी कॉलनीत राहतो. दोघंही विदर्भातले, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, फक्त भवनं वेगळी. रिटायर व्हायच्या आत एकदा पहाड जवळून बघायचा असं त्याच्या मनात होतं. वहिनींचे गुडघे चढ म्हटलं की संपावर जातात, म्हणून तो एकटाच गेला. तो गेला त्या खोऱ्यात ढगफुटी झाली. पूल गेला, रस्ता गेला, मोबाइलचे टॉवर गेले. टीव्हीवर चिखलाच्या लोंढ्यात गाड्या काडेपेट्यांसारख्या वाहताना दिसत होत्या. हेल्पलाइनवर आधी बासरी वाजायची, मग आवाज यायचा, 'आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है'. त्यानंतर पुन्हा बासरी.

वहिनी रडल्या नाहीत. घरी सांत्वनाला येणाऱ्या बायकांच्या पुढ्यात त्यांनी गवारीचा ढीग टाकला. "बसायचं तर गवार मोडा. आणि ते 'होते' म्हणणारी पुन्हा दारात दिसली तर बघा. ते आहेत." शेजारच्या एका काकूंच्या तोंडून 'फार सज्जन माणूस होता' निघून गेलं. त्यांच्या हातातून वहिनींनी ताट काढून घेतलं आणि त्यांना चपला दाखवल्या.

दक्षिण दिल्लीतल्या मुनिरकात आमच्या ओळखीची एक मुलगी राहते. मूळ नांदेडकडची, इथं पीएचडी करते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी त्या आठवड्यात आपली खोलीच कंट्रोल रूम करून टाकली होती. खोली एवढीशी, खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घरातला डबा उचलता येईल अशी. त्यात चार लॅपटॉप आणि चार्जरांचं जंगल. खोऱ्यात अडकलेल्यांच्या घरच्यांकडून फोटो नि माहिती घ्यायची, ती पहाडातल्या गावांच्या, ड्रायव्हरांच्या, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायची, आणि उलट दिशेनं तिकडून एखादा निरोप आला की तो त्या घरापर्यंत पोचवायचा. पोरी दिवसभर हेच करत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकीही देत नव्हतं. घरमालक मात्र जिन्यात उभा राहून विचारायचा, "इतने लोग क्यों आ रहे हैं?"

त्या सैन्यात मी मोठ्या रुबाबात भरती झालो. "बाळा, ड्राफ्टिंग माझ्यावर सोड," मी म्हणालो. "आयुष्य त्यात गेलंय." माझा पहिला मसुदा 'उपरोक्त विषयाच्या संदर्भात' असा सुरू झाला. तो वाचून तिनं मला शांतपणे सांगितलं, "काका, माणूस हरवलाय, फाइल नाही." तरी मित्राची पोस्ट मीच करणार, हा हट्ट मी सोडला नाही.

फोटोचा प्रश्न होता. मित्राला कॅमेऱ्याचा तिटकारा. त्याचा ताजा फोटो एकच, आंबेडकर जयंतीला कॉलनीच्या हॉलमध्ये काढलेला ग्रुप फोटो. त्या वर्षी आमच्या समितीनं ठराव केला होता की सगळ्या पुरुषांनी पांढरा कुर्ता आणि निळं जॅकेट घालायचं, तेही करोल बागेतल्या एकाच दुकानातून, म्हणजे रंगात फरक नको. फरक उरलाच नाही. फोटोत पन्नाशीच्या पुढचे, चष्मेवाले, मिशीवाले, टक्कल पडत चाललेले सरकारी पुरुष एका ओळीत असे उभे होते, जणू एकाच माणसाच्या झेरॉक्स काढल्यात. मित्र माझ्या शेजारी. मी मुनिरकाला जाणाऱ्या ऑटोत बसून, वाचायचा चष्मा घरी विसरून, अंगठ्यानं फोटो कापला. ऑटोनं खड्डा घेतला, चौकट एक माणूस सरकली. पोस्ट टाकून मी स्वतःवर खूश झालो होतो. चेहरा ओळखीचा वाटत होता, एवढं मला नक्की आठवतं.

करोल बागेतून निघालो तो थेट मुनिरका. वहिनींना कळायच्या आत गुपचूप फोटो बदलून घ्यायचा, असा माझा बेत. मुलीनं पोस्ट बघितली, मला बघितलं, आणि खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय.

"काका," वळून ती म्हणाली, "तुम्ही आजपासून फक्त चहा आणायचा."

तिनं जुनी पोस्ट काढली, खरा फोटो टाकून नवी केली. पण खरा घोटाळा तिथून पुढे होता. नवी पोस्ट कुणी पुढे पाठवेना. खाली उत्तरं येत होती: 'ये मिल गए हैं.' 'करोल बाग में मिले, मैंने खुद देखा.' कुणीतरी पुरावा म्हणून अभ्रेवाल्याच्या स्टुलावर बसलेला, थंडा पिणारा मी चिकटवला होता. एकानं तर आम्हालाच दम भरला, 'अफवाह मत फैलाओ, फोटो बदलके डाल रहे हो?' खोऱ्याकडच्या ग्रुपांवरही 'मिल गए' पोचलं होतं. म्हणजे तिकडे जो कुणी थोडाफार शोधत होता, तोही आता थांबला. माझ्या मित्राला मी, त्याच्या जिवाभावाच्या दोस्तानं, सापडलेला घोषित करून टाकलं होतं.

मग मात्र वहिनींना सांगणं भाग पडलं. मुलगी सोबत आली. मी प्रस्तावना सुरू केली. ती इतकी लांबली की वहिनींनी मुलीकडे हात केला. "तूच सांग गं. यांचं भाषण संपेपर्यंत ते चालत घरी येतील."

वहिनींनी मोबाइल हातात घेतला. माझा निळ्या जॅकेटातला फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला.

"म्हणजे अख्खी दुनिया तुम्हाला शोधत होती," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्या घरात बसून पोहे खात होतात."

"वहिनी, मी..."

"आणि आता त्यांना कुणीच शोधत नाहीये."

मी इकडेतिकडे पाहिलं. माझी बायको कोपऱ्यात बसली होती, तिनंही माझ्या मदतीला यायचं टाळलं. उलट म्हणाली, "लग्नाच्या बोलणीत पण यांनी चुलतभावाचाच फोटो पाठवला होता." हा जुना आरोप आहे आणि तो खोटा आहे. फोटोत आम्ही दोघं होतो.

मुलगी म्हणाली, "सगळीकडे लेखी खुलासा टाकू."

"खुलासा कोण वाचतं?" वहिनी म्हणाल्या. "अफवा फोटोनं पसरली. आता लोकांना कुणाचं तोंड माहीत आहे?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "उठा. हेच तोंड पुन्हा दाखवा. जॅकेट घालून या."

मी म्हणालो, सरकारी नोकर आहे, असं व्हिडिओत वगैरे येणं बरं दिसत नाही, आधी परवानगी... वहिनींनी फक्त दाराकडे बोट केलं. त्याच दारातून त्या काकू गेल्या होत्या. मी जॅकेट घालून आलो.

व्हिडिओ त्यांच्याच बैठकीत झाला. मित्राचा खरा फोटो छातीशी धरून मी हिंदीत बोललो: "मला ओळखलंत ना? मी तो हरवलेला माणूस नाही. मी मूर्ख माणूस आहे. मित्राच्या जागी मी माझा फोटो लावला. मी सापडलोय, आता मला शोधणं थांबवा. हा माझा मित्र. हा अजून सापडलेला नाही. हा लंगडतो, मी लंगडत नाही, हे बघा." असं म्हणून मी चालून दाखवलं. गडबडीत टीपॉयला ठेचाळलो आणि चक्क लंगडलो. पुन्हा घेऊ म्हणालो, तर वहिनी म्हणाल्या, "नाही. हाच जाईल. लोक हसतील तर हसू देत. हसताना पुढे पाठवतात."

आणि तसंच झालं. खुलासा कुणी वाचला नसता, पण स्वतःला मूर्ख म्हणणारा सरकारी बाबू सगळ्यांना हवा होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्या भाचीकडे पुण्याला पोचला, दूधवाल्याकडे पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डायरेक्टर साहेबांकडेही पोचला.

साहेबांनी मला बसायला सांगितलं नाही. "परसों आप लापता थे," ते म्हणाले. "कल आप मिल गए. इस बीच आप ऑफिस में भी उपस्थित थे. ये सब क्या है?"

मी हकिगत सांगितली. ते ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत होते, हे मी शपथेवर सांगेन, पण खुर्चीला हसता येत नाही. "देखिए, सहानुभूति है. पर ढूँढने का काम प्रशासन का है. कर्मचारी ऐसे तमाशा नहीं करता. आज ही हटाइए."

आयुष्यभर मी 'जी सर' याच दोन शब्दांवर पगार घेतला. ते जिभेवर आलेही होते. पण मला वहिनींचं ते बोट दिसलं, आणि हेल्पलाइनची बासरी ऐकू आली.

"नहीं सर," मी म्हणालो.

साहेबांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मलाही तसंच वाटलं. म्हणून मी पुन्हा म्हणालो, "नहीं हटाऊँगा, सर. मेरा दोस्त मिल जाए, फिर जो नोटिस देना है दीजिए. जवाब मैं खुद ड्राफ्ट करूँगा, उसमें मेरा हाथ अच्छा है."

बाहेर आलो, आणि साहेबांनी परत बोलवायच्या आत जिना उतरून मुनिरकाला गेलो. घरमालक जिन्यात होता. "आप वही लापता अंकल?" त्यानं विचारलं. त्या दिवसानंतर त्यानं पोरींना त्रास दिला नाही. उलट इन्व्हर्टरची एक लाइन वर सोडली.

दुपारी दिल्लीजवळच्या मानेसरहून फोन आला. तिथल्या गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण होता, त्याच खोऱ्यातला. तो रागावलेलाच होता. "अंकल, आपने तो मरवा दिया था. मेरा भाई ऊपर गाँव में सबसे पूछ रहा था. मैंने ही उसको बोला, छोड़, मिल गए." त्याच्या गावाच्या वर डोंगराची एक धार आहे, तिथं चढून गेलं की पलीकडच्या टॉवरची रेंज येते. गावातली माणसं दिवसातून एकदा सगळ्यांचे मोबाइल गोळा करून वर जातात, निरोप पाठवतात, आलेले घेऊन खाली येतात. माझा व्हिडिओ त्यानं त्याच वाटेनं पाठवला होता.

"अब रुको," तो म्हणाला. "ऊपर जाना, नीचे आना, टाइम लगता है."

आम्ही थांबलो. वहिनी स्वतः मुनिरकाला आल्या, गुडघ्यांना शिव्या घालत तो उभा जिना चढल्या, आणि खाटेच्या कडेला बसून राहिल्या. मुलगी चहा करायला उठली तर म्हणाल्या, "बस गं तू. चहा यांचं खातं आहे ना?"

उत्तर आलं तेव्हा उन्हं उतरत होती. व्हिडिओ होता. आधी आभाळ दिसलं, मग एक नाक, मग दाढीचे पांढरे खुंट वाढलेला, कुणाचातरी मोठा स्वेटर घातलेला माझा मित्र. मागे शाळेची भिंत.

"मी ठीक आहे," तो म्हणाला. मग कॅमेऱ्यात बोट रोखून, "आणि त्या माकडाला सांगा, भेटल्यावर बघतो! तुझा तो पहिला फोटो इथं आला होता बे. नाव माझं, वय माझं, लंगडणं माझं. मी सगळ्यांना सांगतोय, अरे हा मीच आहे. ते फोटो बघतात नि म्हणतात, नहीं अंकल, ये आप नहीं हैं. मी शाळेच्या पटांगणात चालून दाखवलं! म्हणे, लंगड़ाते तो बहुत लोग हैं. वरून निरोप आला, तो माणूस दिल्लीत सापडला. मग तर ते माझ्याकडे संशयानंच बघायला लागले, की हा दुसऱ्याच्या नावावर हेलिकॉप्टरमध्ये बसायला बघतोय!"

खोलीत सगळ्या एकदम हसत आणि रडत होत्या. वहिनींनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज बंद करायला लावला आणि नुसतं बघितलं. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते, ते त्यांनी तेव्हा कुठे सोडवले.

"बारीक झालेत," त्या म्हणाल्या.

व्हिडिओच्या पाठोपाठ एक व्हॉइस मेसेज आला. मित्राच्या आवाजात नुसतं बोलणं. रस्ता व्हायला वेळ लागेल, हेलिकॉप्टर हवामान उघडेल तसं येतं. त्यात म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधी पाठवायचं ठरलंय, आपण शेवटच्या फेरीला येणार. शाळेत अडकलेली आणखी बरीच माणसं आहेत, कुणाच्या घरी काहीच कळलेलं नाही. "मी एकेकाचा व्हिडिओ काढून वर पाठवतोय. स्वतः काढतोय, म्हणजे ज्याचं नाव त्याचंच तोंड येईल. तुम्ही तिकडून फोन लावा."

मला वाटलं, वहिनी आता चिडतील. पहिल्या फेरीला या, असा निरोप उलटा पाठवतील. मी तसा मसुदा मनात सुरूही केला होता.

"नाही ऐकायचे ते," त्या म्हणाल्या. "आणि मी तरी कुठे उतरले असते आधी." पदर खोचून त्या खाटेवरून खाली, जमिनीवर, चार्जरांच्या जंगलात बसल्या. "पहिला कोण आहे? लाव."

पहिली एक म्हातारी होती. व्हिडिओत तिनं फक्त मुलाचं नाव घेतलं, मानेसरच्या एका कारखान्याचं नाव घेतलं, आणि 'मैं हूँ' एवढंच म्हणाली. मुलीनं कारखान्याचा नंबर शोधला. वहिनींनी फोन स्वतःकडे घेतला. स्पीकरवर मशिनांची घरघर आणि एक कंटाळलेला सुपरवायझर.

"शिफ्ट में फोन अलाउड नहीं है, मैडम. छुट्टी के बाद कीजिए."

"उसकी माँ का निरोप है."

"सबकी माँ होती है, मैडम. रूल है."

वहिनींचं हिंदी माझ्या हिंदीपेक्षा वाईट आहे, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. "सुनो भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हारा रूल तुम्हारे पास रखो. उसकी माँ जिंदा है और उसको पता नहीं है. जाओ, उसको लेके आओ. तब तक मैं इधर बैठी है. फोन मैं नहीं रखेगी, और तुमने रखा तो फिर लगाएगी. शाम तक लगाएगी. कल भी लगाएगी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि सुपरवायझरनं लांब कुठेतरी कुणालातरी नावानं हाक मारली.

वहिनींनी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि गुडघा सरळ केला. घरघरीतून धावत येणारे बूट ऐकू आले, आधी अस्पष्ट, मग जवळ, आणि धापा टाकत कुणीतरी म्हणालं, "हॅलो?"